अ‍ॅम्प घेण्याआधी

चि. भाच्यास,


तुझं पत्र पोचलं. यंदा हळदीला बरा भाव मिळाला, दाजींनी त्यातली काही रक्कम तुझ्या नावाने बाजूला काढली आणि मुंबईत कुणाकडे तरी मार्शलचा १०० वॉटचा हेड, सोबत चार स्पीकरांचं कॅबिनेट विक्रीला आहे, हे सगळं कळलं. ‘मामा, घेऊन टाकू का?’ एवढंच तू विचारलं आहेस. नुसतं ‘नको’ कळवलं तर तू माझा मान राखून गप्प बसशील, पण ते कॅबिनेट काही तुझ्या डोळ्यांपुढून हलणार नाही. म्हणून सविस्तर लिहितो. वाच, दाजींनाही वाचून दाखव आणि मग ठरव.

अ‍ॅम्पचं वेड लागणं यात काही वावगं नाही. इलेक्ट्रिक गिटार हे एकटं अर्धंच वाद्य आहे, उरलेलं अर्धं त्या पेटीत असतं. बोट तारेवर कसं पडलं, किती जोरात पडलं, कधी उचललं, हे सगळं ती पेटी बोलून दाखवते. घरचे म्हणतील की गिटार आहे ना, आता आणखी कशाला खर्च? त्यांना हे समजावून सांग. गिटार दहा हजारांची आणि अ‍ॅम्प चांगला, ही जोडी मला लाखाची गिटार आणि टुकार अ‍ॅम्प यापेक्षा केव्हाही जास्त पसंत आहे.

तुझ्या मनात भरलेला मार्शल कसा जन्मला ते आधी ऐक. जिम मार्शल हा लंडनचा ड्रमवादक. ड्रम शिकवायचा आणि हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान चालवायचा. दुकानात येणारी गिटारवाली पोरं मोठ्या आवाजाचे अ‍ॅम्प मागत, आणि अमेरिकेहून येणारे फेंडरचे अ‍ॅम्प त्यांच्या खिशाला परवडत नसत. तेव्हा १९६२ मध्ये मार्शल आणि त्याच्या दुकानातला दुरुस्तीचा माणूस केन ब्रॅन यांनी, डडली क्रेव्हन या तरुण मुलाला हाताशी धरून, फेंडरचा ‘बासमन’ समोर ठेवला आणि त्याच आराखड्यावर आपला अ‍ॅम्प बांधला. बासमन मुळात बास गिटारसाठी काढलेला. सुटे भाग अमेरिकेतले मागवणं महाग, म्हणून ट्रान्सफॉर्मर इंग्लंडचे, स्पीकर सेलेस्टियनचे, तेही चार एका बंद पेटीत बसवलेले. आराखडा तोच राहिला आणि आवाज मात्र निराळा आला, जास्त भरीव आणि जास्त अंगावर येणारा. पुढची वीस वर्षं बरंचसं रॉक ज्या आवाजावर उभं राहिलं, तो असा हाताशी होतं त्यातून निघाला.

ज्याचा आराखडा घेतला तो लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादक येऊन तक्रारी सांगत आणि तो ऐकून घेई. कुणाचा आवाज नाचाच्या हॉलमध्ये कमी पडतो, कुणाचा स्पीकर फाटतो, कुणाला पेटी उचलायला जड जाते. त्या तक्रारींतून एकेक अ‍ॅम्प सुधारत गेला. व्हॉक्सचंही तसंच. डिक डेनीने आधी १५ वॉटचा एसी १५ काढला. प्रेक्षकांचा गलका वाढत गेला तसा तो शॅडोज या बँडला पुरेना, म्हणून त्याच्या दुप्पट ताकदीचा एसी ३० आला. पुढे तोच बीटल्सनी घेतला. आणि तुझा १०० वॉटचा मार्शल १९६५ मध्ये द हू या बँडच्या मागणीवरून झाला, कारण त्या काळी गाण्यासाठीची ध्वनियंत्रणा जेमतेम असायची. गिटार शेवटच्या रांगेपर्यंत न्यायची तर ती एकट्या अ‍ॅम्पनेच न्यावी लागे.

म्हणजे ज्यांना आपण आदर्श म्हणतो ते सगळे अ‍ॅम्प कुणाच्या तरी नेमक्या गरजेतून आले. कोणत्या खोलीत वाजवायचं, कोणासोबत, किती आवाजात, हे आधी ठरलं आणि त्याप्रमाणे पेटी बांधली गेली. तेव्हा तूही सुरुवात तिथूनच कर. तू कुठे वाजवतोस? वसमतच्या घरी, माळवदाच्या खोलीत, शेजारी आजी झोपलेली असताना. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या मंचावर गायन पार्टीसोबत. गणपतीत ऑर्केस्ट्राबरोबर. उद्या कदाचित हिंगोलीला दसऱ्यात रामलीला मैदानावरही. यांपैकी एकाही ठिकाणी १०० वॉटची गरज नाही. मैदान कितीही मोठं असो, साउंडवाला तुझ्या अ‍ॅम्पपुढे माइक लावणार आणि आवाज त्याच्या टॉपमधून बाहेर जाणार. उलट मंचावर तुझ्या कॅबिनेटने कान बधिर केले तर गायकाला हार्मोनियमचा सूर ऐकू येणार नाही, आणि पहिल्याच कार्यक्रमानंतर पार्टीवाले तुला बोलवायचं बंद करतील.

वॉटबद्दल एक हिशेब कायमचा लक्षात ठेव. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, त्यासाठी वॉट दहापट करावे लागतात. म्हणून १०० वॉटचा अ‍ॅम्प १० वॉटच्या अ‍ॅम्पपेक्षा फक्त दुप्पट मोठा ऐकू येतो, किंमत आणि वजन मात्र कितीतरी पट. दुकानदार हे सांगत नाहीत. स्पीकरचाही हिशेब असाच. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर ९७ डेसिबल देणारा स्पीकर काढून तू १०० डेसिबलवाला बसवलास तर अ‍ॅम्पचे वॉट दुप्पट केल्यासारखंच झालं, आणि तेही कितीतरी कमी पैशांत.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. अ‍ॅम्प चांगला कशाने होतो?

मिरजेच्या कारागिराला तंबोऱ्याची जवारी काढताना मी पाहिलं आहे, तुलाही एकदा दाखवायला नेईन. घोडीच्या माथ्यावर तार जिथे टेकते तिथला उतार तो कानसीने केसभर घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी आणतो आणि अचानक तार खुलते. मूळ सुराच्या वर बाकीचे सूर जागे होतात, नुसत्या षड्ज-पंचमातून गंधार ऐकू येऊ लागतो. उतार कमी पडला तर आवाज मुका, जास्त झाला तर नुसती खरखर. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प जोरात चढवल्यावर जे होतं ते मला ऐकायला याच जातीचं वाटतं. गिटारची लहर व्हॉल्व्हच्या मर्यादेला जाऊन भिडते, पण ती तिथे एकदम कापली जात नाही, तिचे माथे हळूहळू गोल होतात. त्या गोलाईतून वरचे सूर तयार होतात आणि आवाजाला दाटपणा येतो. साध्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पमध्ये लहर मर्यादेला जाताच सपकन कापली जाते, म्हणून तो विस्कटतो आणि कानाला टोचतो. तुमच्या वसमतच्या हळदीला जसं भौगोलिक मानांकन मिळालं तसं मिरजेच्या सतार-तंबोऱ्यालाही मिळालं आहे. ते ज्या कानांच्या जोरावर मिळालं, ते कान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तुला अ‍ॅम्प पारखायला इंग्रजी पुस्तकांची गरज नाही.

या खुलण्याची खरी परीक्षा हातात आहे. अ‍ॅम्प अशा जागी लाव की जोरात छेडलं तर आवाज किंचित फाटावा, हळू छेडलं तर स्वच्छ यावा. मग गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आण. चांगला अ‍ॅम्प तेवढ्यानेच निर्मळ होतो, बटणाला हात लावावा लागत नाही. एक सूर धरून ठेव आणि तो विझेपर्यंत ऐक. सरळ, सलग विझला पाहिजे, मध्येच तुटून चुरचुरायला नको. सहा तारांचा पूर्ण कॉर्ड वाजव आणि त्यातली प्रत्येक तार वेगळी ओळखता येते का ते बघ. दुकानात गेले की लोक भरभर सोलो वाजवून दाखवतात. तू तसलं काही करू नकोस. तुला रोज वाजवायचं आहे तेच गाणं, रोजच्या आवाजात वाजव.

आणि इथेच तुझा १०० वॉटचा मार्शल घरी फसतो. त्याची खुलण्याची जागा फार वर असते. जुन्या धर्तीच्या सुपर लीड या मार्शलमध्ये मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे आतून चढवूनही एकूण आवाज खाली ठेवायचं बटण, नाहीच. खिडकीच्या काचा थरथरायला लागतील तेव्हा कुठे तो गायला लागेल. घरी तू त्याला एकवर ठेवून वाजवशील, आणि एकवर तो पातळ, कोरडा, निर्जीव वाजतो. जे स्वप्न विकत घेतलंस ते ऐकायलाच मिळणार नाही. १९८१ पासूनच्या मार्शलच्याच जेसीएम ८०० मध्ये मास्टर व्हॉल्यूम असतो, तरीही तो मोठ्या मंचाचाच अ‍ॅम्प. उलट एरिक क्लॅप्टनने ‘लैला’च्या रेकॉर्डिंगच्या वेळी फेंडर चॅम्प वापरला होता. एक लहानसा स्पीकर आणि पाचेक वॉट एवढाच तो. स्टुडिओत माइक जवळ असतो, त्याला पेटीचा आकार कळत नाही.

आता जयंतीच्या मंचावरची तुझी तक्रार. तू लिहितोस की गिटार थेट आहुजाच्या साउंड मशीनमध्ये जोडली की घोंगडी पांघरल्यासारखा आवाज येतो आणि बँजोवाल्याचा मात्र खणखणीत. यात तुझ्या गिटारचा दोष नाही. तुझ्या पिकअपमधून येणारा विजेचा इशारा फार नाजूक असतो, त्याला समोर साधारण दहा लाख ओहमची, म्हणजे एक मेगओहमची, जागा लागते. मशीनचा माइकचा जॅक काही हजार ओहमचा असतो. तो पिकअपवर भार टाकतो आणि वरचे सूर तिथेच गिळले जातात. बँजोचा आवाज मुळातच इतका टोकदार की थोडा कापला गेला तरी कळत नाही. उपाय स्वस्त आहे. मध्ये एक डीआय बॉक्स किंवा प्रीअ‍ॅम्पचा पेडल टाक, किंवा अ‍ॅम्पच्या लाइन आउटमधून मशीनला आवाज दे. पेडलने आवाज फाडून मात्र सरळ मशीनमध्ये देऊ नकोस. गिटारचा स्पीकर ५००० हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही बाहेर पडू देत नाही, म्हणून फाटलेला आवाज त्यातून गोड लागतो. तोच आवाज डीजेच्या टॉपमधल्या हॉर्नमधून आला की तेल तडतडतं तसा ऐकू येतो.

याच मंचाबद्दल आणखी एक. गायन पार्टीत लोक शब्द ऐकायला येतात. लोकशाहीर वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी पोचवली ती शब्दांसाठी. तिथे गिटारने शब्द बुडवले तर अ‍ॅम्प कितीही उंची असो, तो चुकीचा. या कामाला स्वच्छ आवाजाचाच अ‍ॅम्प लागतो. रोलँडने १९७५ मध्ये काढलेला जॅझ कोरस हा स्वच्छ आवाजाचा मापदंड मानतात. दोन बारा इंची स्पीकर, प्रत्येकाला ६० वॉट, एकही व्हॉल्व्ह नाही. जे लोक ‘व्हॉल्व्ह नाही तर काहीच नाही’ म्हणतात, त्यांच्याकडे याचं उत्तर नसतं. पण तोही पंचवीस किलोच्या वर जातो आणि तुला दरवेळी छोटा हत्ती करून न्यावा लागेल.

वीज हा विषय मी सर्वांत गंभीरपणे लिहितो आहे, घाईत वाचू नकोस.

व्हॉल्व्हच्या आतली तार तापली तरच ती काम करते. १२ एएक्स ७ नावाचा छोटा व्हॉल्व्ह अशा जवळजवळ प्रत्येक अ‍ॅम्पमध्ये असतो, त्याच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. घरात २३० व्होल्ट असले तर ते बरोबर मिळतात. संध्याकाळी तुमच्याकडे दाब १७० वर उतरला की तिथे साडेचार-पावणेपाचच पोचतात. आवाज मरगळतो आणि असं वारंवार झालं तर व्हॉल्व्हचं आयुष्यही घटतं. तेव्हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घ्यायचाच तर चांगल्या स्टॅबिलायझरचे पैसे किमतीत धर. कुणी अमेरिकेहून आणलेला दाखवला तर मागची पट्टी वाच. १२० व्होल्टचा अ‍ॅम्प सरळ आपल्या प्लगात घातला तर तो तिथेच जळतो.

त्याहून मोठी गोष्ट अर्थिंग. गिटारच्या तारा केबलवाटे अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. तू तारांना हात लावलेला असतोस आणि ओठ माइकला टेकतात. अ‍ॅम्प एका ठिकाणच्या विजेवर आणि माइकचं मशीन दुसऱ्या ठिकाणच्या, त्यात एकाचं अर्थिंग तुटलेलं, असं झालं की तुझ्या शरीरातून प्रवाह जातो. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे याच कारणाने मंचावरच दगावला. अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागला एवढंच. आपल्याकडे मंडपात तिसरी पिन मोडून प्लग बसवतात, जनरेटरला अर्थची सळईच ठोकलेली नसते, त्यात पावसाने जमीन ओली. तू हे चालवून घ्यायचं नाही. सगळी वाद्यं आणि मशीन एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घ्यायला लाव. साउंडवाला हसला तरी चालेल. घरचं अर्थिंग या आठवड्यात वायरमनला बोलावून तपासून घे, अ‍ॅम्प कोणताही येवो.

आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प कधीही स्वतः उघडू नकोस. आत चारपाचशे व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात. स्पीकर न जोडता तो चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो सगळ्यांत महागडा भाग. हेडवर १६, ८, ४ असे ओहम लिहिलेले असतात, ते कॅबिनेटशी जुळलेच पाहिजेत. मुंबईचा तो विक्रेता हे सगळं तुला सांगणार आहे का?

गुणगुणीबद्दलही तू विचारलं आहेस. अ‍ॅम्प तुझ्या सुराला मोठं करतो तसाच केबलच्या खराब सोल्डरलाही मोठं करतो. पहिल्या पायरीवर जो कचरा आत शिरला तो पुढे काढता येत नाही. तुमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला, गुरुत्वीय लहरी टिपणारी लिगोची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म फरक पडला तर तो टिपायचा. असलं काम करायचं तर जमीन शांत हवी, जागा निवडताना हेही पाहिलं गेलं. इशारा वाढवण्याआधी गोंगाट घालवावा लागतो. तुझ्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की चांगली केबल घे, गिटारचा सैल झालेला जॅक बदल, एलईडी बल्बच्या आणि मोबाइल चार्जरच्या शेजारी बसून वाजवू नकोस. एका कॉइलच्या पिकअपला ५० हर्ट्झची घुमघुम थोडी राहणारच, अंगाची दिशा जरा वळवलीस की कमी होते.

संगणकी अ‍ॅम्पबद्दल तुझ्या पत्रात तुच्छतेने लिहिलेलं वाचलं आणि मला ते पटलं नाही. लाइन ६ ने १९९८ मध्ये पॉड नावाचा लाल डबा काढला, तेव्हा त्यातले आवाज लांबून बरे आणि हाताला खोटे लागत. तो काळ गेला. २०११ चा केंपर खऱ्या अ‍ॅम्पचा ठसा घेतो. बॉसचा कटाना २०१६ पासून आहे. त्यातला ५० वॉटवाला एका बटणाने अर्ध्या वॉटवर आणता येतो आणि रात्री दहा वाजता आजीची झोप न मोडता तू फाटलेला, दाट आवाज वाजवू शकतोस. फेंडरने स्वतः २०१९ मध्ये ट्विन रिव्हर्बची डिजिटल आवृत्ती काढली, मूळच्या जवळपास निम्म्या वजनाची. खुद्द फेंडरलाच कमीपणा वाटत नाही तर तुला का वाटावा? हाताखालचा तो शेवटचा जिवंतपणा खऱ्या व्हॉल्व्हमध्ये अजून थोडा जास्त आहे, हे मी मान्य करतो. पण तो ऐकू येण्याइतका हात आधी तयार व्हावा लागतो, आणि तुझा हात अजून दोनचार वर्षं रोजच्या रियाझाची वाट बघतो आहे.

मोठं नाव नसलेल्या पेटीतून काय निघतं याचं एक उदाहरण देतो. क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याने मित्रांबरोबर पहिला बँड केला, हे तुला माहीत असेल. त्याच क्वीनमधला ब्रायन मे मंचावर एसी ३० च्या भिंती लावून वाजवायचा. पण त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटारी व्हायोलिन-बासरीसारख्या एकमेकींत मिसळतात, त्यातलं बरंच काम एका डबड्याने केलं आहे. बँडचा बासवादक जॉन डीकन याला लंडनच्या रस्त्यावर कचऱ्याच्या पेटीत एका छोट्या रेडिओचं सर्किट सापडलं. त्याने ते पुस्तकांच्या फळीवर ठेवायच्या एका लहान स्पीकरच्या खोक्यात बसवलं, ९ व्होल्टची बॅटरी जोडली. ना कसलं बटण, ना कसली पट्टी. ब्रायन मेने त्यात गिटार जोडली आणि ते नंतर सोडलं नाही. पुढे लोकांनी त्याच्या नकला करण्यात वर्षं घालवली. ब्रायन मे याला कळलं ते असं की हा डबा माझ्या हाताला उत्तर देतो, बाकी काही बघायची गरज नाही.

आपल्याकडेही १९८४ मध्ये मुंबईत रॉक मशीन हा बँड सुरू झाला, पुढे त्याचंच नाव इंडस क्रीड झालं, महेश तिनईकर त्यात गिटार वाजवत. त्या काळात परदेशी अ‍ॅम्पवर जबर आयातशुल्क. बोटीवर काम करणारं किंवा परदेशी जाणारं कुणी ओळखीचं असेल तर एखादी वस्तू यायची, नाहीतर इथल्याच मिस्त्रीकडून बांधून घ्यायची. त्या पिढीने मनासारखा अ‍ॅम्प येईपर्यंत वाजवायचं थांबवलं नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. मुंबईचा सौदा सोड. बारा इंची एका स्पीकरचा, ४०-५० वॉटपर्यंतचा, ताकद कमी करायची सोय आणि लाइन आउट असलेला अ‍ॅम्प घे. बॉस बघ, फेंडरचे छोटे बघ, आपल्या देशी स्ट्रेंजरचेही बघ. स्वच्छ आवाज आधी ऐक, फाटका नंतर. एकट्याला उचलून एसटीत चढता येईल एवढंच वजन असू दे. उरलेल्या पैशांतून अर्थिंग, दोन चांगल्या केबल, एक डीआय बॉक्स आणि गिटारची सेटिंग करून घे. तरीही बरेच उरतील, ते दाजींकडे परत दे. पुढच्या हंगामाला बेणं आणि शिजवणीचा खर्च आहेच, आणि तुझ्या हातात पैसे परत देण्याचा शहाणपणा आहे हे त्यांना दिसलं तर पुढच्या वेळी मागायला तोंड राहील.

आणि स्वप्न सोडू नकोस, फक्त बदल. माझ्या मनातला अ‍ॅम्प विचारशील तर तो डिलक्स रिव्हर्ब. फेंडरने १९६३ मध्ये काढला, २२ वॉट, बारा इंची एकच स्पीकर. तीनवर ठेव, हार्मोनियमच्या साथीला बसेल इतका स्वच्छ. सहावर ने, तोच गायला लागतो, आणि तोही अशा आवाजात की शेजारच्या तबलजीला कान झाकावे लागत नाहीत. जयंतीचा मंच असो की रामलीला मैदान, त्याच्यापुढे एक माइक ठेवला की काम झालं. कमाई सुरू झाली की तो घेण्यासाठी बाजूला टाकत जा, मी माझ्याकडून भर घालीन. एखादा जुना सापडला तर आधी मला दाखव. व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टकटक करून स्पीकरमधून टणटण येते का, बटणं फिरवताना खरखरतात का, ट्रान्सफॉर्मरला जळका वास आहे का, हे मी बघून देईन.

दिवाळीच्या आधी पुण्याला ये. तपकीर गल्लीतून केबल आणि जॅक घेऊ, दोनतीन दुकानांत बसून ऐकू. येताना तुझी गिटार आण आणि रोज वापरतोस तीच केबल आण, नवीन घेऊन येऊ नकोस. कार्यक्रमात वाजवायच्या तीन गाण्यांची तयारी करून ये. दुकानात मी डोळे मिटून बसेन, तू पेट्या बदलत जा आणि मला नावं सांगू नकोस.

अक्काला आणि दाजींना नमस्कार सांग. आजीला सांग, गुडघ्याचं तेल पाठवतो आहे.

तुझा,
मामा